पारपत्रावरचा पगार

एकाच आखाती देशातील एकाच वैमानिक-प्रशिक्षण संस्थेत, एकाच धावपट्टीवरून, एकाच बनावटीच्या विमानात शिकाऊ उमेदवाराला घेऊन दिवसाकाठी तेवढेच तास आकाशात घालवणाऱ्या दोन शिक्षकांच्या हाती महिनाअखेरीस जी रक्कम पडते, तिचा मेळ त्यांच्या लॉगबुकातील तासांशी किंवा अध्यापनाच्या अनुभवाशी पुष्कळदा लागत नाही. त्यांच्यापैकी कोणाचे पारपत्र ब्रिटनचे आणि कोणाचे भारताचे, पाकिस्तानचे किंवा फिलिपाइन्सचे, यावर ती ठरलेली असते, ही गोष्ट परदेशी नोकरी केलेल्या वैमानिकांत सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत असल्यामुळेच तिची कारणमीमांसा करण्यास सहसा कोणी प्रवृत्त होत नाही; शिरस्ताच तसा आहे असे म्हणून करारनाम्यावर सही होते. हा शिरस्ता पडला कसा, त्याच्या समर्थनार्थ पुढे केली जाणारी कारणे कितपत टिकतात आणि त्याचा न्यायनिवाडा कोणत्या दरबारी झाला, याचा येथे विचार करावयाचा आहे.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरेसारख्या कालव्याकाठच्या गावात बसून हा विषय लिहावा असे वाटण्यास कारण आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या पाण्याने या मुलखात उसाचे मळे उभे राहिले, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून लोणीचा सहकारी साखर कारखाना निघाला, त्यामागून राहुरीसारखे कारखाने निघाले, आणि उसाच्या पैशाने शिकलेल्या पिढ्या अभियंते, डॉक्टर, अधिकारी होऊन बाहेर पडल्या. त्याच घरांतील मुलांची दृष्टी आता विमानांकडे वळू लागली आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीजवळ काकडीचा विमानतळ सुरू झाल्यापासून आकाशातून उतरणारे विमान या भागात अपूर्वाईचे राहिलेले नाही, आणि बारामती, शिरपूर, गोंदिया येथे उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण पुरे करावे लागते आणि त्याचा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या एखाद्या शेताच्या किमतीएवढा जातो. परवाना हाती आला तरी विमान कंपनीतील जागा लगेच मिळते असे नाही. म्हणून अनेक तरुण शिक्षकाची पात्रता मिळवून इतरांना शिकवू लागतात, आणि त्यांतील काही जण पुढे देशाबाहेरची वाट धरतात. त्या वाटेवर त्यांना जो करारनामा वाचावयास मिळणार आहे, त्याचे अंतरंग त्यांना आधी ठाऊक असावे, एवढीच माझी तळमळ आहे.

प्रथम योग्यतेचा प्रश्न निकालात काढू. विदेशी मालकाकडून वा त्याच्या मुनिमाकडून ऐकू येणारे पहिले कारण असे की, पाश्चात्य देशांतील शिक्षकाचे प्रशिक्षण अधिक कसोशीचे असते, सबब त्याचे मोल अधिक. या म्हणण्यात कधीकाळी तथ्य असेलही; परंतु ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराने आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टाने वैमानिकांच्या परवान्यांचे किमान मानदंड साऱ्या सदस्य राष्ट्रांसाठी एकच ठरवून दिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, परदेशी शिक्षकाने शिकवावयास आरंभ करण्यापूर्वी यजमान देशाचे विमानवाहतूक खाते त्याचा परवाना तपासते, त्याची परीक्षा घेते, आणि मगच त्याला आपल्या देशाची मान्यता देते. ज्या परीक्षकाने ब्रिटिश आणि भारतीय अशा दोघांनाही एकाच कसोटीला लावून एकाच अधिकाराचा दाखला दिला, त्याच्या दप्तरात त्या दोघांची योग्यता समान ठरलेली असते. भाषेचेही तसेच. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याचा उच्चार शिकाऊ वैमानिकाला हितावह असतो, असा एक युक्तिवाद केला जातो. पण २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इंग्रजीची सहा पायऱ्यांची मोजपट्टी लागू झाली आहे, तिच्यातील चौथी पायरी किमान आवश्यक मानली जाते, आणि सहावी पायरी गाठलेले भारतीय वैमानिक कितीतरी आहेत. भाषेवरच पैसे द्यावयाचे असतील तर ते त्या पायरीवर द्यावेत. पायरी मोजण्याची सोय असताना पारपत्र पाहण्याचे प्रयोजन राहत नाही.

दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे, आणि वास्तविक तेच खरे कारण आहे. प्रत्येक माणसाची अशी एक रक्कम असते की जिच्याखाली तो घरदार सोडून परमुलखात जावयास राजी होत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन शिक्षकाला मायदेशी जे मिळते ते डॉलर-पौंडांच्या हिशेबाने मोठे असते. त्याला वाळवंटात आणावयाचे तर त्याहून भरीव रक्कम पुढे ठेवावी लागते. अमेरिकन नागरिकाने जगात कोठेही कमावले तरी त्याच्या सरकारचा प्राप्तिकर त्याच्या पाठीमागे येतो, काही सवलत मिळते एवढेच; याउलट वर्षातले बहुतेक दिवस देशाबाहेर राहणाऱ्या भारतीयाच्या परदेशी वेतनावर आपल्याकडे सामान्यतः कर बसत नाही. भारतीय शिक्षकाला मायदेशी मिळणारा पगार तुटपुंजा, त्याच्यावर शिक्षणाचे कर्ज, आणि त्याच्या जागेसाठी मागे उभे असलेले उमेदवार अनेक. तेव्हा तो थोडक्यात राजी होतो हे मालकाला पक्के माहीत असते. याच हिशेबाला मोठ्या कंपन्यांच्या वेतन-विभागांत शास्त्राचे स्वरूप आले आहे: कर्मचाऱ्याच्या मायदेशातील राहणीमान आधारभूत धरावयाचे, परदेशातील भाडे, मुलांची शाळा, कर आणि महागाई यांची वजाबाकी-बेरीज करावयाची, आणि घरी होता त्याहून तो गरीब होऊ नये एवढी रक्कम ठरवावयाची. वरवर पाहता या रीतीत दोष दिसत नाही. परंतु तिची परिणती अशी होते की, दरिद्री देशातून आलेल्या माणसाच्या श्रमाला त्याच्या देशाच्या दारिद्र्याचा भाव मिळतो, आणि त्याने शिकवलेल्या विद्यार्थ्याकडून संस्था मात्र शुल्क घेते ते पूर्ण दराने.

नेमणूक करणारी संस्था, मनुष्यबळ पुरवणारी मध्यस्थ कंपनी आणि प्रत्यक्ष शिक्षक असे तीन पक्ष जेथे असतात, तेथे ही तफावत अधिकच रुंदावते. कारण मध्यस्थ निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या दराने भरती करतो आणि शिक्षकांचे करारनामे परस्परांना दिसत नाहीत. ज्या मोठ्या आखाती विमान कंपन्या प्रवासी विमानांच्या वैमानिकांना हुद्दा व विमानाचा प्रकार पाहून जाहीर वेतनश्रेणी देतात, तेथे देशादेशांतील दराची ही घासाघीस फार चालत नाही. उघड वेतनपट आणि पारपत्राचा भाव या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे निरीक्षण येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

हा व्यवहार आपल्या देशाला अपरिचित नाही. किंबहुना त्याची पाठशाळा आपल्याच भूमीवर भरली होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून सांभाळणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मागे ठेवून १८७३ साली त्या जागेवर विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले. १८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा एतद्देशीय अध्यापकाला युरोपीय अध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन देण्याची वहिवाट होती आणि नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याच्याही निम्मे त्यांच्या वाट्याला येत होते. बोसांनी काम सोडले नाही आणि तक्रारअर्जांचा ढीगही रचला नाही; ते तीन वर्षे शिकवीत राहिले आणि तीन वर्षे त्यांनी तो पगार स्वीकारण्याचे नाकारले. अखेर सरकारला त्यांची नेमणूक कायम करून मागील सर्व काळाचे पूर्ण वेतन द्यावे लागले. डोक्यावर वडिलांचे कर्ज असताना दाखवलेला तो निग्रह मला त्यांच्या वैज्ञानिक शोधांइतकाच वंदनीय वाटतो.

त्या काळी तफावतीचे समर्थन कसे होत असे, हेही समजून घेतले पाहिजे, कारण आजची भाषा तेथूनच आली आहे. युरोपीय अधिकारी घरापासून दूर येतो, त्याला दोन संसार चालवावे लागतात, मुलांना विलायतेत शिकवावे लागते, म्हणून त्याला जादा द्यावे, असे म्हटले जाई; १९२४ च्या ली आयोगाने तर युरोपीय अधिकाऱ्यांच्या समुद्रपार वेतनाची आणि सरकारी खर्चाने विलायतेच्या फेऱ्यांची सविस्तर शिफारसच केली. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर ज्या द्रव्यापहाराचा हिशेब मांडला, त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारांचे व निवृत्तिवेतनाचे कलम ठळक होते. परंतु त्या समर्थनातील प्रामाणिकपणाची कसोटी लागली ती मलायात. १९३२ साली डेहराडूनला सैनिकी महाविद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना ब्रिटिश अधिकाऱ्यांपेक्षा कमी वेतन मिळे, आणि त्याचे कारण असे सांगितले जाई की भारतीय अधिकारी स्वदेशातच नोकरी करतो. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हेच अधिकारी आपल्या पलटणींसह मलायात गेले. तेथे ब्रिटिशही परदेशी होता आणि भारतीयही परदेशी होता. घरापासूनच्या अंतराचा युक्तिवाद दोघांनाही सारखाच लागू होत होता. तरीही वेतनातील तफावत कायम राहिली. अंतर हे कारण नव्हतेच, ते निमित्त होते, याचा इतका स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो. आणि त्या अपमानाने दुखावलेल्या अधिकाऱ्यांतील काहींचा पुढे आझाद हिंद सेनेच्या उभारणीत वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

समुद्रावरची कथा याहून दीर्घ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी ब्रिटिश जहाजांवर गेले. त्यांची भरती वेगळ्या, केवळ आशियाई खलाशांसाठी केलेल्या करारपत्रांवर होई, आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचा पगार त्याच जहाजावरील ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा होता. पाणसुरुंगाला मात्र दोघांत भेद करता येत नव्हता. १९३९ च्या अखेरीस या खलाशांनी जहाजे अडवून संप केले तेव्हा कोठे पगारात वाढ झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या तलवार या नाविक प्रशिक्षणकेंद्रातून जे बंड उठले, त्याच्या मागण्यांत ब्रिटिश नौसैनिकांइतकेच वेतन व भत्ते ही मागणी होती. साम्राज्य गेले तरी करारपत्रांचा तो शिरस्ता पुरता गेला नाही: ब्रिटनने १९७६ साली वंशभेदाला बंदी करणारा कायदा केला, त्याच कायद्यात परदेशात भरती केलेल्या खलाशांच्या पगारापुरता अपवाद ठेवण्यात आला. २०११ च्या नियमांनी तो अपवाद युरोपीय नागरिकांपुरता काढून घेतला. भारतीय किंवा फिलिपिनो खलाशाच्या वाट्याला ते संरक्षण त्या प्रमाणात आले नाही. कोकणातील खलाशाचा आणि आखातातील भारतीय विमानशिक्षकाचा व्यवसाय वेगळा, हुद्दा वेगळा. परंतु दोघांचे करारनामे एकाच घराण्यातले आहेत.

आणि मग स्वतंत्र भारतात एक विलक्षण गोष्ट घडली. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत देशात एकामागून एक नव्या विमान कंपन्या निघाल्या. विमाने आली, पण अनुभवी कप्तान अपुरे पडले. तेव्हा नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने विदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी देण्याची व्यवस्था वापरली आणि शेकडो परदेशी कप्तान मध्यस्थांमार्फत येथे आले. त्यांचा पगार डॉलरमध्ये, त्यांचा कर कंपनीने भरावयाचा, राहावयास हॉटेल, आणि काही आठवड्यांच्या कामानंतर घरी जाण्याची सलग रजा. शेजारच्या आसनावरील भारतीय सहवैमानिकाचे तर सोडाच, समान हुद्द्याच्या भारतीय कप्तानाचेही वेतन त्या मानाने कमी पडे, आणि वैमानिकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला. महासंचालनालयाने परदेशी वैमानिकांना निरोप देण्याच्या मुदती ठरवल्या, त्या वाढवल्या, पुन्हा वाढवल्या. आपल्याच देशात आपल्याच माणसाला कमी, हे चित्र पाहून पुष्कळांना जुन्या दिवसांची आठवण झाली. येथे गोऱ्या रंगाचा अभिमान बाळगणारा कोणी सरकारी अधिकारी नव्हता. मालक भारतीय होता, आणि तरीही निष्पत्ती तीच झाली. म्हणूनच या तफावतीचे मूळ केवळ वंशद्वेषात शोधणे मला अपुरे वाटते. ज्याला अन्यत्र जाण्याची मुभा अधिक, त्याला भाव अधिक, या तत्त्वाने वेतन ठरू लागले की मालकाचा वंश कोणताही असो, फळ तेच येते.

या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्ण निवाडा माझ्या माहितीत मनिलाच्या न्यायालयाने केलेला आहे. तेथील एका आंतरराष्ट्रीय शाळेत परदेशातून नेमलेल्या शिक्षकांना स्थानिक म्हणून नेमलेल्या शिक्षकांपेक्षा पंचवीस टक्के अधिक मूळ वेतन मिळे, आणि शिवाय घर, वाहन, सामान आणण्याचा खर्च, कर व मायदेशी जाण्याचे तिकीट हे सर्व वेगळे मिळे. शाळेची कैफियत दुहेरी होती: परदेशी शिक्षक मुळापासून उखडून येतो, आणि त्याची नोकरी मुदतीची असते. १ जून २००० रोजी फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कैफियत फेटाळली. घर, प्रवास, तिकीट हे भत्ते परदेशी शिक्षकाच्या परिस्थितीशी संबंधित आहेत, ते द्यावयास हरकत नाही, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु उखडून येण्याची भरपाई या भत्त्यांनीच होत असताना त्याच कारणासाठी मूळ वेतनही वाढवणे अनुचित आहे, कारण दोन्ही वर्गांतील शिक्षक समान परिस्थितीत समान काम करतात, असा त्याचा निर्णय होता. स्थानिक वर्गात काही परदेशी नागरिकही मोडतात, म्हणून हा राष्ट्रीयत्वाचा भेद नव्हे, असेही शाळेने म्हणून पाहिले. न्यायालयाला ते पटले नाही.

हा निवाडा वाचताना मला आमच्या उसाच्या फडाची आठवण झाली. ऊसतोडणीचा दर साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारातून टनावर ठरतो. कोयता हातात धरणारा बीडचा आहे, पाथर्डीचा आहे की चाळीसगावचा आहे, हे कारखान्याचा वजनकाटा विचारीत नाही. वाहतुकीचा दर मात्र वेगळा, आणि तो किलोमीटरांच्या टप्प्यांवर. कामाचे मोल एका खात्यावर, अंतराचे मोल दुसऱ्या खात्यावर. तोडणी कामगाराचे जिणे यामुळे न्याय्य झाले असे कोणी म्हणणार नाही; उचलीचे ओझे आणि मुकादमाची पकड आम्ही दरवर्षी पाहतो. परंतु हिशेबाची ही रीत निर्दोष आहे, आणि मनिलाच्या न्यायाधीशांनी शिक्षकांच्या बाबतीत जी विभागणी केली, ती तत्त्वतः हीच. परदेशी शिक्षकाला लांबून यावे लागते, त्याचे तिकीट, त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा यांचा खर्च त्याला जरूर मिळावा, आणि ज्याचे घर अधिक दूर त्याला तिकिटापोटी अधिकही मिळावे. पण विद्यार्थ्याला विमान उतरवावयास शिकवण्याच्या एका तासाचा दर दोन असू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा या मतापर्यंत अद्याप पोचलेला नाही. नोकरी व व्यवसायातील भेदभावाविरुद्धच्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या करारावर भारताने १९६० साली मान्यतेची मोहोर उठवली. त्या करारात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ यांवरून भेद करण्यास मज्जाव आहे. मात्र राष्ट्रीय मूळ म्हणजे माणसाचे पूर्वज व जन्मस्थान, त्याचे आजचे नागरिकत्व नव्हे, असा अर्थ लावला जातो, आणि या फटीतून पारपत्राचा भाव निसटतो. संयुक्त अरब अमिरातींच्या २०२१ च्या श्रमकायद्यातही राष्ट्रीय मुळावरून भेद करण्यास बंदी आहे. परंतु करारनामे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या मध्यस्थांकडून झालेले असले म्हणजे असा भेद सिद्ध करणे दुर्घट होते.

काही वेळा तर माणसे पाठवणारी सरकारेच हा भाव ठरवतात. फिलिपाइन्सने २००६ च्या अखेरीस आपल्या घरकामगार स्त्रियांसाठी दरमहा किमान ४०० डॉलरची अट घातली. भारत सरकारनेही आखातातील आपल्या कामगारांसाठी देशवार किमान वेतने ठरवली होती. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीच्या काळात नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, ती तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणली गेली आणि तीव्र नाराजीनंतर २०२१ मध्ये पूर्ववत करण्यात आली. विमानशिक्षकाला असे कोणतेही संरक्षण लागू नाही. तो सुशिक्षित, म्हणून स्वतःचे हित स्वतः पाहण्यास समर्थ असे गृहीत धरले जाते.

म्हणून येथील ज्या तरुणाच्या हाती असा करारनामा येईल त्याने एकूण रकमेपेक्षा तिची फोड आधी पाहावी. अमिरातींच्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी तीस दिवसांचे मूळ वेतन. कामाचा मोबदला भत्त्यांत ढकलून मूळ वेतन आखूड ठेवले की एकूण आकडा समान दिसूनही शेवटची रक्कम घटते. आणि भत्ता पारपत्रावरून ठरवून मूळ वेतन समान दाखवण्याची युक्तीही आता प्रचारात येणे अशक्य नाही. तेव्हा घरभाडे प्रत्यक्ष भाड्यावर आहे की नागरिकत्वावर, तिकीट कोणत्या शहरापर्यंतचे आहे, शाळेच्या शुल्काची मर्यादा सर्वांना एकच आहे काय, उड्डाणाच्या तासाचा जादा दर कोणत्या तक्त्यावरून काढला आहे, आणि तो तक्ता संस्थेतील साऱ्या शिक्षकांना एकच आहे काय, हे प्रश्न सही करण्यापूर्वी लेखी विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मागावीत. तोंडी आश्वासनाला परमुलखातील कोणत्याही न्यायालयात फारसे वजन नसते.